किल्ली कोणाच्या खिशात

तोआ पायोह, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रबोधमामा,

तुम्हाला आणि नंदामामीला नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर तुमचा अंगठा एकदम तीन अक्षरं दाबतो, म्हणून अख्ख्या सिंगापुरात हाताने मराठी पत्र लिहिणारी बहुधा मी एकटीच उरले असेन. पोस्टातली बाई आता मला ओळखते. पाकिटावर पुणे वाचून दर वेळी विचारते, "निअर मुंबई, आह?" मी दर वेळी हो म्हणते आणि दर वेळी मला तुमचा चेहरा आठवतो.

आम्ही तिघं ठीक. अमेयची बँक त्याला सोडत नाही आणि तो बँकेला. राधिका चौदा वर्षांची झाली, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, तेही एका शब्दात. भाजी वाढू? "कॅन." उद्या लवकर उठशील? "कॅन, लाह." मी ओरडते, पण खरं सांगायचं तर अकरा वर्षांत माझ्याही तोंडात तेच बसलंय. आपण पुण्यात ‘चालेल’ म्हणतो ना, तसं इथे ‘कॅन’. होईल, जमेल, हरकत नाही, घे, जा, सगळं त्यात आलं. ‘लाह’ नुसती शेपटी, आपल्या ‘ना’सारखी.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. बुकित बातोकची माझी कंपनी तुम्हाला माहीत आहे. कंपनी कसली, एका औद्योगिक इमारतीचा पाचवा मजला, खाली टायरवाला. आम्ही रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी गाडी बनवतो, आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी. माणूस लांब बसून ती चालवतो. ती जळत्या गोदामात शिरते, बेवारस बॅग उचलते, जखमी माणसाला ओढून आणते. तिचे कॅमेरे आणि चालकापुढचा पडदा हे माझं काम.

आता एका परदेशी गिऱ्हाइकाला तीच गाडी हवी आहे, पण पाठीवर बंदूक बसवून. गाडी आपल्या मनाने गोळी झाडणार नाही, झाडणार लांब बसलेला माणूसच. तोही एकटा नाही. शेजारी दुसरा माणूस बसेल, त्याने तोंडी होकार दिल्यावरच चालकाने बटण दाबायचं. ह्या सगळ्याची पुस्तिका लिहायचं काम मला दिलंय. आणि मामा, माझा पार गोंधळ उडाला आहे.

आमचा चालक हाफिझ, पूर्वी फौजेत होता. तो म्हणतो, घाबरलेला सैनिक आधी झाडतो आणि मग बघतो. लांब केबिनमध्ये बसलेल्या चालकाच्या जिवाला धोका नाही, म्हणून तो थांबू शकतो, समोर कोण आहे ते नीट बघू शकतो. हे मला पटतं. मग एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलत बदलत तासाभराने घरी पोचेपर्यंत उलटं वाटायला लागतं. ज्याचं कोणी मरणारच नाही, त्याला लढाई सुरू करायला कितीसा वेळ लागेल? सिग्नल कोणी तोडला तर? कोणी चोरला तर? पडद्यावरचं चित्रसुद्धा लांबून येताना दीड सेकंद शिळं होतं. अमेयला विचारलं तर म्हणाला, "तू नाही केलंस तर दुसरं कोणीतरी करेल." हे उत्तर आहे की नाही, हेही मला कळत नाही.

तुम्हाला विचारते, कारण तुमच्यामुळेच मी ह्या धंद्यात आले. सीमेवर शत्रूचा सुरुंग काढताना तुमची दोन बोटं आणि दोन्ही कान गेले, ही गोष्ट आईने मला इतक्या वेळा सांगितली की मला ती स्वतः पाहिल्यासारखी आठवते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, ‘मामांच्या दोन बोटांना’. तुम्ही ते वाचून काही बोलला नव्हतात. नुसता चष्मा पुसलात.

तर आता बोला. बंदूक बसवू की नको?

तुमची,
चैत्राली


पुणे
२२ फेब्रुवारी २०२५

चैतू,

तुझं पत्र नेहमीप्रमाणे आधी नंदाने फोडलं, वाचलं, त्यावर मत दिलं आणि मग माझ्या हातात ठेवलं. तिचं मत असं की पोरीने फुलझाडांचं दुकान काढावं. माझं वेगळं आहे.

फौजेत एकच प्रश्न रोज पडतो. दार उघडल्यावर आत आधी कोण जाणार? मी वीस वर्षं त्याचं उत्तर देत आलो. ज्याला पाठवायचो त्याचं नाव मला ठाऊक असायचं, त्याच्या बायकोचं नाव ठाऊक असायचं, तिच्या पत्रातलं अर्धं तोच मला वाचून दाखवायचा. लोखंडाला बायको नसते. तुझं ते टेबल आत गेलं आणि उडालं, तर मी दुसरं मागवीन आणि दुपारी जेवीन. पूर्वी अशा दिवशी जेवत नव्हतो.

आणि बंदूक नको म्हणतेस, तर मग गाडीने आत जाऊन काय करायचं? नमस्कार? जखमी माणसाला ओढून आणायला जाशील तेव्हा समोरचा फुलं टाकत नसतो. बंदूक बसव. तुझा हाफिझ शहाणा आहे. भीती माणसाला आंधळं करते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लढाई सोपी होईल म्हणतेस ते मात्र खरं असेल, पण लढाई करायची की नाही हे माझ्यासारख्याला कधी कोणी विचारलं नाही, तुलाही विचारणार नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. स्फोट करायच्या आमच्या पेटीला एक सुटी किल्ली असायची. किल्ली घालून फिरवल्याशिवाय तारेत वीज जात नाही. नियम असा, की जो पुढे स्फोटकांपाशी जाणार, किल्ली त्याच्याच खिशात. मागे पेटीपाशी बसलेल्याला कितीही घाई असो, पुढचा परत येऊन स्वतःच्या हाताने किल्ली देईपर्यंत काहीही होऊ शकत नाही. दुसऱ्या माणसाच्या होकाराची तुमची युक्ती चांगली आहे, पण त्यात किल्ली कोणाच्या खिशात आहे ते बघ. मला वाटतं दोन्ही किल्ल्या मागेच बसल्या आहेत.

बोटांचं लिहिलंस. जुनी गोष्ट आहे. तुझ्या आईला तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगता येत नसे. ते पुन्हा काढू नकोस.

राधिकेला सांग, आजोबांना मराठीत दोन ओळी लिही. ‘कॅन’ चालणार नाही.

मामा


तोआ पायोह
१९ एप्रिल २०२५

मामा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली.

मार्चमध्ये चाचणीसाठी आम्ही चौघं परदेशात गेलो होतो. देशाचं नाव लिहायला मनाई आहे. मोकळं मैदान, त्यावर पुठ्ठ्याची माणसं उभी केलेली, आणि दीड किलोमीटरवर आमची केबिन. बंदुकीत खऱ्या गोळ्या नव्हत्या, रंगाच्या होत्या, लागतील तिथे निळा डाग पडतो. हाफिझ चालवत होता. होकार देणारा आमचा माणूस तापाने हॉटेलात पडला होता, तेव्हा मॅनेजर मिस्टर ओंग मला म्हणाले, पुस्तिका तूच लिहिली आहेस, तूच बस. मी बसले.

अर्धा तास सगळं छान झालं. मग पडद्यावरचं चित्र गोठलं. हे होतं अधूनमधून. मी दोन बटणं दाबली, चित्र पुन्हा हललं. हाफिझने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "कॅन?" मी म्हणाले, "कॅन." आणि त्याने झाडलं.

वाऱ्याने पुठ्ठ्याचा एक माणूस पडला होता. मैदान रिकामं असल्याचा निरोप आम्हाला आधीच आला होता, तरी तिथला एक कामगार तो उभा करायला परत गेला होता. पडद्यावर तो पुठ्ठ्यांमध्ये उभा होता आणि पुठ्ठ्यासारखाच दिसत होता. गोळी त्याच्या डाव्या डोळ्यात लागली. तो खाली बसला, तोंडावर हात धरून. बोटांमधून निळा रंग येत होता. मला आधी वाटलं तो नुसता रंग पुसतो आहे.

रंगाची गोळी म्हणून वाचला. डोळ्याचं अजून सांगता येत नाही म्हणतात.

आता चौकशी. केबिनमधलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. माझा आवाज स्वच्छ आहे, "कॅन." त्याचा अर्थ काय, एवढाच प्रश्न आहे. चित्र ठीक झालं, असं? की झाड, असं? माझ्या पुस्तिकेत ‘तोंडी होकार’ एवढंच लिहिलंय. कोणत्या शब्दात, ते लिहिलेलं नाही. मला सुचलंच नाही, मामा. हो म्हणजे हो, त्यात काय लिहायचं, असं वाटलं.

मिस्टर ओंगनी जबाब तयार करून आणला आहे. त्यात लिहिलंय की माझा ‘कॅन’ फक्त चित्राबद्दल होता. ते म्हणाले, "यू मीन द पिक्चर, राइट? जस्ट साइन, लाह." मी सही केली की हाफिझने होकाराशिवाय झाडलं असं ठरतं. मशीन निर्दोष, कंपनी निर्दोष, मी निर्दोष, आणि हाफिझ घरी, कदाचित कोर्टातही. त्याला बायको, आई आणि पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये दोन मुली आहेत. सही केली नाही तर मी होकार दिला असं होतं, आणि मग घरी मी.

हे सगळं सोपं झालं असतं, जर मला आठवत असतं. मला चित्र हललेलं आठवतं. "कॅन" म्हटलेलं आठवतं. मध्ये मनात काय होतं ते आठवत नाही. कधी वाटतं, मी चित्राबद्दलच बोलले, माझं कामच ते. कधी वाटतं, तीस वेळा त्याने विचारलं, तीस वेळा मी कॅन म्हणून झाडू दिलं, ह्या वेळी वेगळं काही असायचं कारण काय? हाफिझला विचारलं की तुला काय वाटलं. तो म्हणाला, "सिस, यू सेड कॅन." बस, एवढंच. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आणि भीतीचं म्हणाल, तर केबिनमध्ये एसी होता, कोणाच्याही जिवाला धोका नव्हता, थांबायला पाहिजे तितका वेळ होता. आम्ही थांबलो नाही. कंटाळलो होतो म्हणून असेल. जेवायची वेळ झाली होती.

जबाब ३० मेपर्यंत द्यायचा आहे. मामा, तुम्ही सुरुंग, तारा, पेट्या सगळं पाहिलंय. असं नुसत्या एका शब्दावरून काही झालेलं तुमच्या बघण्यात आहे का? तेव्हा काय केलं होतं?

चैत्राली


पुणे
६ मे २०२५

चि. चैत्राली,

मी पत्र लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि वाचनालयात बसून लिहिते आहे.

तुझं पत्र आल्यापासून हे बोलत नाहीत. तसे आधीही फार बोलत होते असं नाही, पण आता भांडतसुद्धा नाहीत. आमटीत मीठ जास्त पडलं तरी गप्प जेवले. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी पत्र मला वाचू न देता खिशात घातलं. माळ्यावरची ट्रंक मला न विचारता काढली, ह्या वयात स्टुलावर चढून. काल विचारतात, सांगली जिल्ह्यात आपल्या ओळखीचं कोण आहे? मी म्हटलं, कशाला? तर म्हणे काही नाही.

तू काय लिहिलंस? अमेयशी काही बिनसलंय का? असेल तर मला लिही, ह्यांना नको. ह्यांना त्यातलं कळत नाही. नोकरी गेली असेल तर बिनधास्त इकडे ये, खोली रिकामीच आहे.

तुझी,
नंदामामी


पुणे
१४ मे २०२५

चैतू,

तू विचारलंस, असं काही बघण्यात आहे का. आहे.

ती सीमा नव्हती आणि शत्रूही नव्हता. शांततेचा काळ होता. सरावाच्या मैदानावर न फुटता पडलेले गोळे उडवायचं काम होतं, वाळूत, एप्रिलच्या उन्हात. मी कॅप्टन. पेटीपाशी माझा हवालदार तातोबा घोलप, सांगलीकडचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि कामात माझ्याहून चौपट हुशार. आम्ही दोघं मराठीत बोलायचो, बाकीचे हसायचे.

अकरा गोळे झाले होते. प्रत्येक वेळी मी पुढे जायचो, स्फोटकं लावायचो, परत पेटीपर्यंत चालत यायचो, खिशातली किल्ली त्याला द्यायचो. दोनशे पावलं जायचं, दोनशे यायचं. बाराव्याला मला कंटाळा आला. तुझ्याच शब्दात सांगतो, जेवायची वेळ झाली होती. मी किल्ली त्याच्यापाशीच ठेवली. वाटेत, स्फोटकांपासून साठ पावलांवर, वाळूच्या पोत्यांचा आडोसा होता, तिथे टेलिफोन होता. म्हटलं, तिथपर्यंत मागे येईन आणि तिथूनच सांगेन.

आडोशाशी पोचलो, पोत्यावर हात टेकला, अजून आत बसलो नव्हतो. टेलिफोन वाजला. खरखर फार होती. मला एवढंच ऐकू आलं, "साहेब..." मी म्हणालो, "हं."

आपण कसं ‘हं’ म्हणतो, तसं. बोल, ऐकतोय. तातोबाने विचारलं होतं, "साहेब, फिरवू?" त्याने फिरवली.

पोत्यावरचा हात तो हा. कान त्यातच गेले.

दवाखान्यात तातोबा आला. किल्ली माझ्या उशाशी ठेवली, सलाम केला आणि गेला. बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही. पुढे चौकशी झाली. प्रश्न कागदावर लिहून माझ्यासमोर धरला, कारण मी बहिरा. ‘आपण टेलिफोनवर काही बोललात का?’ मी डाव्या हाताने लिहिलं, ‘नाही.’

का लिहिलं ते इतकी वर्षं शोधतोय. स्वतःला सांगायचो, ‘हं’ म्हणजे काही बोलणं नव्हे, तो शब्दसुद्धा नाही. मग सांगायचो, तू तर जखमी आहेस, शिक्षा तुला आधीच झाली. खरी गोष्ट इतकीच की किल्ली त्याच्यापाशी का होती, हा पुढचा प्रश्न मला नको होता. तातोबाने हुकुमाशिवाय स्फोट केला असं ठरलं. त्याच्या तिन्ही फिती उतरवल्या. वर्षभरात घरी गेला. माझा एक कान काही वर्षं थोडा परत आला, मी फौजेतच राहिलो आणि कर्नल होऊन निवृत्त झालो.

तुझ्या आईने विचारलं तेव्हा मी ‘सुरुंग’ एवढंच म्हणालो. सीमा आणि शत्रू तिने घातले, मी काढले नाहीत. तुझ्या प्रोजेक्टचं पान वाचताना चष्मा पुसला, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं.

मागच्या पत्रात तुला मोठ्या तोंडाने किल्लीचा नियम शिकवला. आता तुला काय सल्ला देणार? बंदूक बसव असं लिहिलं होतं, तेही नीट विचार करून लिहिलं होतं का, कळत नाही. गाडी असती तर माझी बोटं राहिली असती, हे खरं. आणि गाडी असती तरी मी ‘हं’च म्हणालो असतो आणि त्या बाजूला कोणीतरी असतं, हेही खरं. दोन्ही एकदम डोक्यात बसत नाही.

काय करायचं ते सांगत नाही. मी काय केलं ते सांगितलं.

प्रबोध


तोआ पायोह
२२ जून २०२५

मामा,

तुमचं पत्र २६ मेला मिळालं. वाचून मला संताप आला. आधी तुमचा, मग आईचा, मग त्या पहिल्या पानाचा. पंचवीस वर्षं मी एका खोट्या सुरुंगावर उभी आहे असं वाटलं. मग तुम्ही डाव्या हाताने ‘नाही’ लिहिताय असं डोळ्यासमोर आलं आणि रडू आलं. अजून रागावलेलीच आहे, पण पत्र लिहिते आहे, त्यावरून समजा.

३० मेला मी मिस्टर ओंगचा जबाब बाजूला ठेवला आणि माझा लिहिला. ‘माझ्या "कॅन"चा अर्थ काय होता हे मला स्वतःला सांगता येत नाही. होकाराचा शब्द कोणता, हे पुस्तिकेत मी लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. मी होकाराच्या खुर्चीत बसले होते, म्हणून हाफिझने जे ऐकलं ते ऐकण्याचा त्याला हक्क होता.’ मिस्टर ओंगनी तीनदा वाचलं. "‘डोन्ट नो’ कॅनॉट, लाह! दे वॉन्ट येस ऑर नो." मी म्हटलं, येस आणि नो दोन्ही खोटं होईल. ते डोकं धरून बसले. वाईट माणूस नाहीत, त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं.

हाफिझची नोकरी राहिली. माझीही, पण खुर्ची गेली. मला पुस्तिका पुन्हा लिहायला बसवलंय. त्या कामगाराला डाव्या डोळ्याने फक्त उजेड आणि सावल्या दिसतात. मी त्याचं नाव विचारलं, तर चौकशीच्या कागदात तो ‘तिसरी व्यक्ती’ आहे म्हणाले.

आता पुस्तिकेचं ऐका. मी लिहिलं, होकार एका शब्दात द्यायचा नाही. अख्खं वाक्य बोलायचं, ‘समोर माणूस आहे, तो मला दिसतो आहे. मी, अमुक तमुक, त्याच्यावर गोळी झाडायला सांगते आहे.’ स्वतःच्या नावासकट. बुकित बातोकला पडद्यावर खोटी लढाई लावून आम्ही हे अकरा वेळा करून बघितलं. चार वेळा बोलणारा ‘माणूस’ शब्दापर्यंत आला आणि थांबला. एकदा समोरच्याचे हात वर होते. एकदा ती बाई होती, तिच्या हातात डबा होता. आधी कोणालाच दिसलं नव्हतं, बोलायला लागल्यावर दिसलं. मला वाटलं, सापडलं! मग दोन वेळा असं झालं की वाक्य संपायच्या आत समोरच्याने झाडलं आणि गाडीमागून येणारे आपलेच सैनिक मेले. पडद्यावरचेच, पण हाफिझ म्हणाला, हे खरे असते तर मी ह्यांच्या घरच्यांना काय सांगितलं असतं, की बोलत होतो?

गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. सात सेकंद फार होतात, एक बटण द्या.

चार वाचतात आणि दोन मरतात, तर वाक्य ठेवायचं की बटण? आणि ते चार कोण, दोन कोण, ह्यावर उत्तर बदलतं का? मला फेब्रुवारीत जेवढं कळत होतं, तेवढंही आता कळत नाही. वाक्य मी अजून काढलेलं नाही. सोमवारी काढायला सांगतील. मी नाही म्हणणार आहे, त्यापुढचं माहीत नाही.

राधिकेच्या दोन ओळी सोबत आहेत. ‘आजोबा, मी बरी आहे. तुम्ही बरे आहात का?’ ह्याला तिला चाळीस मिनिटं लागली.

तातोबांचं काय? ते आहेत का?

चैत्राली


पुणे
११ जुलै २०२५

चैतू,

तातोबा आहे. मिरजेपासून बसने तासभर. नंदाला सगळं सांगून टाकलं, मग तीच म्हणाली, मी येते, तुम्हाला ऐकू यायचं नाही. चौथ्या दिवशी पिशवी भरली.

ऐंशीच्या जवळ आलाय. ताठ आहे, मोतीबिंदू झालाय. मला ओळखलं आणि खुर्ची पुसून दिली. सुनेने चहा आणला. मी रस्ताभर काय काय जुळवून आणलं होतं, त्याला बघितल्यावर त्यातलं काही राहिलं नाही. तेव्हा तुझं ते वाक्य आठवलं. मी उभा राहिलो आणि सगळं एका दमात बोललो, नावासकट, "मी, प्रबोध केळकर, त्या दिवशी टेलिफोनवर ‘हं’ म्हणालो होतो. किल्ली मी तुझ्यापाशी ठेवली होती. चौकशीत मी खोटं लिहिलं. तुझ्या फिती माझ्यामुळे गेल्या." बहिरा माणूस, आवाजाचा अंदाज नाही, ओरडलोच असणार. सून दारात आली, शेजारी डोकावले. तातोबा मान खाली घालून ऐकत होता.

मग किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली, डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट केली आणि बंडीच्या खिशात ठेवली. त्याची मान थोडी हलली. ओठ मिटलेलेच होते. मग त्याने माझा चहा निवला म्हणून सुनेकडे परत पाठवला, आणि दुसरा आल्यावर आम्ही तो प्यायलो. निघताना त्याने सलाम केला. मीही केला.

बसमध्ये मी नंदाला खुणेने विचारलं, तो काही बोलला का. तिने माझ्या वहीत लिहिलं, ‘हं म्हणाले.’

मी लिहिलं, कसं म्हणाला? ऐकतोय असं, की बरं असं?

तिने वही पुन्हा मांडीवर घेतली. मग लिहिलं, ‘नुसतं हं.’

प्रबोध